कॅडमधील कर्सर : जुळवणी, बिघाड आणि उपाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

छत्रपती संभाजीनगरमध्ये घरांचे नकाशे आणि प्लॉटिंगचे लेआउट काढण्याचे काम मी अनेक वर्षांपासून करतो, आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली अशा भागांतून येणाऱ्या मुलामुलींना ऑटोकॅड हे संगणकावर नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर शिकवतो. शिकवताना सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘सर, कर्सर बिघडला’. त्या एका वाक्यामागे प्रत्येक वेळी वेगळे कारण असते, आणि बहुतेक वेळा माऊस पूर्णपणे निर्दोष असतो. पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीचे टोक बोथट झाले तर रेषाच सांगायची. कॅडमध्ये कर्सरचे टोक चुकीचे बसले तरी रेषा देखणीच दिसते आणि चूक थेट साइटवर उघडी पडते. म्हणून या प्रश्नांची उत्तरे जरा विस्ताराने लिहिली आहेत.

या पानावर कमांड आणि सिस्टिम व्हेरिएबल (ऑटोकॅडचे एकेक सेटिंग आकड्यात साठवणारी नावे) देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत आणि एंटर दाबावे. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात.

प्रश्न : कर्सर नीट चालत नाही असे वाटले, तर सर्वांत आधी काय तपासावे?

बिघाड कोठे राहतो हे आधी शोधावे, कारण तो तीनच ठिकाणी राहू शकतो : त्या एका ड्रॉइंगमध्ये, ऑटोकॅडच्या सेटिंगमध्ये किंवा संगणकात व माऊसमध्ये. हे ओळखण्यास दोन मिनिटे पुरतात. ऑटोकॅड तसेच उघडे ठेवून नोटपॅड किंवा एखादे फोल्डर उघडावे आणि तेथे माऊस फिरवून पाहावा. तेथेही तो अडखळत असेल तर ऑटोकॅडमध्ये काहीही शोधण्यात अर्थ नाही. तेथे तो सुरळीत असेल, तर ऑटोकॅडमध्ये नवीन कोरे ड्रॉइंग उघडून त्यात एक रेषा काढून पाहावी. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये त्रास नाहीसा झाला तर दोष जुन्या ड्रॉइंगमध्ये साठवलेला आहे, आणि तेथेही त्रास कायम राहिला तर तो ऑटोकॅडच्या सेटिंगमध्ये आहे.

ही तपासणी उपयोगी पडते, कारण ऑटोकॅड आपली सेटिंग दोन वेगवेगळ्या जागी ठेवतो. क्रॉसहेअरची (कर्सरच्या आडव्या-उभ्या रेषांची) लांबी, पिकबॉक्सचा (वस्तू निवडण्याच्या चौकोनाचा) आकार, ऑब्जेक्ट स्नॅपच्या (टोक, मध्य असे बिंदू पकडण्याच्या) निवडी या गोष्टी त्या संगणकावर साठतात आणि प्रत्येक ड्रॉइंगला लागू होतात. ग्रिड स्नॅप (कर्सरला ठरावीक अंतराच्या बिंदूंवरच थांबवणारी सोय) चालू की बंद, त्याचे अंतर किती, त्याचा कोन किती, ऑर्थो (फक्त आडवी-उभी दिशा) चालू की बंद, या गोष्टी मात्र ड्रॉइंगच्या फाइलमध्येच साठतात. त्यामुळे एखाद्याने लातूरहून पाठवलेली फाइल नांदेडमध्ये उघडली की पाठवणाऱ्याचे स्नॅपही तिच्यासोबत येते आणि उघडणारा आपल्या माऊसला दोष देत बसतो.

प्रश्न : कर्सर कधी अधिक चिन्हासारखा, कधी नुसता चौकोन, कधी बाण असा का दिसतो? हा बिघाड आहे का?

हा बिघाड नाही. ऑटोकॅड आपल्याकडून काय मागतो आहे हे कर्सरच सांगत असतो. चौकोनासह क्रॉस दिसतो तेव्हा तो रिकामा आहे आणि आपल्या आज्ञेची वाट पाहतो आहे. चौकोन गेला आणि नुसता क्रॉस उरला की तो बिंदू मागतो आहे. लाइन किंवा सर्कल कमांड दिल्यावर असे होते. क्रॉस गेला आणि नुसता लहान चौकोन उरला की तो वस्तू निवडण्यास सांगतो आहे. मूव्ह, कॉपी, ट्रिम या कमांडमध्ये तसे दिसते. नवीन विद्यार्थी नेमके येथेच घाबरतात आणि क्रॉस परत यावा म्हणून एस्केप दाबून कमांड रद्द करतात. वस्तू निवडून एंटर दाबले की क्रॉस आपोआप परत येतो.

कमांड सुरू नसतानाही क्रॉसमध्ये चौकोन दिसत नसेल आणि आधी वस्तू निवडून मग डिलीट दाबल्यावर काहीच होत नसेल, तर पिकफर्स्ट हे व्हेरिएबल ० झालेले असते. ते १ करावे. काही वेळा कर्सरशेजारी लहान चित्रे दिसतात, उदाहरणार्थ इरेजच्या वेळी तांबडी फुली. ती कर्सरबॅज या व्हेरिएबलमुळे येतात. २ म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद. माझे मत असे की शिकणाऱ्याने ती चालू ठेवावीत.

प्रश्न : क्रॉसहेअर लहान-मोठा कसा करावा, आणि योग्य आकार कोणता?

कर्सरसाइझ टाइप करून १ ते १०० यांपैकी आकडा द्यावा. हा आकडा पडद्याच्या टक्केवारीत असतो. मूळ आकडा ५ आहे, आणि १०० दिल्यास क्रॉसच्या रेषा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. ओपी ही कमांड देऊन ऑप्शन्समधील डिस्प्ले टॅबवर सरकपट्टीनेही तो बदलता येतो.

योग्य आकार कामावर ठरतो. प्लॅनमधील बारीक तपशील काढताना ५ ते १० पुरेसा आहे, कारण लांब रेषा डोळ्यांना ड्रॉइंगच्याच रेषा वाटू लागतात. परंतु प्लॅनखाली एलिव्हेशन (इमारतीच्या बाजूचे उभे चित्र) मांडताना, खिडकीची कड वरच्या प्लॅनशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी १०० चा क्रॉस अतिशय उपयोगी आहे. ज्यांनी बोर्डवर टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर लावून काम केले आहे त्यांना तो लगेच ओळखीचा वाटतो, कारण तो तेच काम करतो. मी दिवसातून दोन-तीन वेळा ५ वरून १०० वर आणि पुन्हा ५ वर येतो. त्यात काही बिघडत नाही.

क्रॉस दिसतच नसेल तर बहुधा त्याचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग सारखा झालेला असतो. ऑप्शन्स, डिस्प्ले, कलर्स या वाटेने जाऊन टू-डी मॉडेल स्पेसमधील क्रॉसहेअरचा रंग बदलावा. क्रॉसच्या जागी विंडोजचा साधा बाण दिसत असेल तर कर्सरटाइप १ झालेले आहे. ते ० करावे.

प्रश्न : पिकबॉक्स आणि अॅपर्चर यांत काय फरक आहे? दोन्ही चौकोनच आहेत ना?

दोन्ही चौकोनच आहेत, आणि त्यामुळेच सर्वाधिक गोंधळ येथे होतो. पिकबॉक्स हा वस्तू पकडण्याचा चौकोन आहे : त्याच्या आत जी रेषा येईल ती निवडली जाते. अॅपर्चर हा कर्सरभोवतीचा बिंदू पकडण्याचा परिसर आहे : त्याच्या आत रेषेचे टोक, मध्यबिंदू किंवा वर्तुळाचे केंद्र आले की ते कर्सरला आपल्याकडे ओढून घेते. पिकबॉक्सचा मूळ आकडा ३ आणि अॅपर्चरचा १० आहे, आणि दोन्ही वाढवता येतात. पिकबॉक्स ऑप्शन्सच्या सिलेक्शन टॅबवर, तर अॅपर्चर ड्राफ्टिंग टॅबवर मिळतो. अॅपर्चर एरवी डोळ्यांना दिसत नाही. तो पाहायचा असल्यास एपीबॉक्स १ करावे.

वस्तू निवडताना शेजारची रेषा निवडली जात असेल तर पिकबॉक्स लहान करावा. खिडकीच्या प्लॅनमध्ये चार रेषा अगदी खेटून असतात, तेथे १२-१५ चा पिकबॉक्स हमखास चुकीची रेषा उचलतो. उलट, रेषेवर क्लिक करूनही काहीच निवडले जात नसेल तर तो ० झालेला असण्याची शक्यता आहे. जास्त रेझोल्यूशनच्या नव्या पडद्यावर मूळ ३ चा चौकोन फारच बारीक दिसतो. तेथे ६ ते ८ ठेवण्यास हरकत नाही. एकमेकांवर पडलेल्या रेषांतून हवी ती निवडण्यासाठी चौकोन बदलत बसण्याऐवजी रेषेवर कर्सर ठेवून शिफ्ट धरून स्पेस दाबावे. एकेक रेषा आळीपाळीने उजळते आणि हवी ती उजळल्यावर क्लिक करावे. त्याचप्रमाणे अॅपर्चरमध्ये एकाहून अधिक बिंदू आले असतील तर टॅब दाबत गेल्यास ते एकामागून एक समोर येतात.

प्रश्न : कर्सर सरळ फिरत नाही, उड्या मारतो. काय करावे?

एफ ९ दाबावे. बहुतेक वेळा ग्रिड स्नॅप चालू असते आणि कर्सर ठरावीक अंतराच्या बिंदूंवरच थांबतो. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये हे अंतर साधारणपणे १० आणि इंचांच्या टेम्प्लेटमध्ये ०.५ असते. स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा दिसत नसल्या तरी स्नॅप चालू असू शकते, कारण ग्रिड दाखवणे हे एफ ७ चे काम आहे आणि स्नॅप हे एफ ९ चे. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

या प्रश्नाचे उत्तर येथेच थांबवता आले असते, पण स्नॅपने माझे स्वतःचे जे नुकसान केले ते सांगणे मला आवश्यक वाटते. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका कार्यालयातून आलेल्या ड्रॉइंगमध्ये मी आतल्या भिंती काढत होतो. बाहेरची भिंत २३० मिलिमीटरची आणि आतली ११५ ची, म्हणजे साडेचार इंची. ड्रॉइंगमध्ये स्नॅप १० वर चालू होते. मी मापे टाइप न करता नजरेने क्लिक करत गेलो आणि प्रत्येक आतली भिंत ११० किंवा १२० ची झाली. पडद्यावर ५ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. चार खोल्या ओलांडून मापे लिहिण्याची वेळ आली तेव्हा आतल्या मापांची बेरीज आणि बाहेरचे एकूण माप जुळेना. कोणती भिंत चुकली म्हणून शोधत गेलो तर एकही बरोबर नव्हती. संपूर्ण प्लॅन पुन्हा काढावा लागला. तेव्हापासून कोणतीही बाहेरची फाइल उघडली की पडद्याच्या तळाशी असलेल्या स्टेटस बारवरील स्नॅपचे चिन्ह मी आधी पाहतो, मग मजकूर पाहतो.

माप टाइप केले असता लांबी अचूक येते, परंतु दिशा कर्सरवरून घेतली जाते हे लक्षात ठेवावे. ऑर्थो बंद असेल तर टाइप केलेली ३००० ची रेषा बरोबर ३००० चीच असते, पण किंचित तिरपी निघू शकते.

प्रश्न : एफ ९ बंद केले तरी कर्सर ओढला जातो. आता काय?

आता ओढणारे तीन जण उरतात. एफ ८ म्हणजे ऑर्थो, जो आडव्या-उभ्या दिशेशिवाय जाऊ देत नाही. एफ १० म्हणजे पोलर, जो ठरावीक कोन जवळ आला की कर्सरला त्यावर बसवतो. आणि एफ ३ म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप, जो जवळच्या बिंदूकडे खेचतो. एकेक बंद करून पाहिले की दोषी लगेच सापडतो. घाईत सर्व एकदम बंद करू नयेत, कारण मग कारण कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेथूनच सुरुवात करावी लागते.

ऑब्जेक्ट स्नॅपविषयी माझा आग्रह आहे. ओढ त्रासदायक वाटली म्हणून ते कायमचे बंद ठेवणे हा रोगापेक्षा वाईट उपाय आहे. रेषा टोकाला न भिडता केसभर अलीकडे थांबते, मग हॅच (बंद भागात भरायची नक्षी) भरत नाही, बाउंड्री तयार होत नाही, प्लॉटचे क्षेत्रफळ निघत नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कडा न जुळलेल्या प्लॉटचा हिशेब कागदावर गुंठ्यांत लिहिला गेला की पुढे वाद होतात. बंद करण्याऐवजी निवडी कमी कराव्यात. नेहमीसाठी एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन आणि सेंटर पुरेसे आहेत. निअरेस्ट ही निवड सतत चालू ठेवू नये, कारण ती रेषेवरील कोणताही बिंदू स्वीकारते आणि टोक मिळाल्याचा भास होतो. एखाद्या वेळी वेगळा बिंदू लागलाच तर शिफ्ट धरून उजवी क्लिक करावी. तेवढ्या एका क्लिकपुरती यादी उघडते.

प्रश्न : क्रॉसहेअर तिरपा झाला आहे. सरळ कसा करावा?

तीन शक्यता आहेत. स्नॅपअँग या व्हेरिएबलमध्ये ० सोडून दुसरा कोन असेल तर तो ० करावा. क्रॉसचे दोन्ही हात एकमेकांशी काटकोनात नसतील, तर आयसोमेट्रिक स्नॅप चालू झालेले आहे; स्नॅपस्टाइल हे व्हेरिएबल, ज्याच्या इंग्रजी नावात शेवटचे ई अक्षर नाही, ते ० करावे किंवा स्टेटस बारवरील आयसोमेट्रिकचे चिन्ह बंद करावे. या दोन्हींनी फरक पडला नाही तर यूसीएस, म्हणजे ड्रॉइंगच्या आडव्या-उभ्या अक्षांची मांडणी, फिरवलेला आहे : यूसीएस, एंटर, डब्ल्यू, एंटर असे दिल्यावर तो मूळ स्थितीत येतो.

मात्र तिरपा क्रॉस ही नेहमीच चूक नसते. गावठाणातील जुन्या वाड्यांच्या जागा क्वचितच उत्तर-दक्षिण सरळ असतात, आणि तिरप्या रस्त्यालगतच्या जागेत रस्त्याशी समांतर भिंती काढायच्या असतील तर क्रॉस मुद्दाम तिरपा करणे हाच योग्य मार्ग आहे. यूसीएस देऊन ओबी हा पर्याय निवडावा आणि रस्त्याकडील हद्दीच्या रेषेवर क्लिक करावी. क्रॉस त्या रेषेला समांतर होतो आणि ऑर्थोही त्याच कोनात चालतो. काम संपल्यावर फाइल दुसऱ्याला देण्याआधी वर्ल्ड यूसीएस परत लावावा, म्हणजे घेणारा गोंधळत नाही.

प्रश्न : दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते. निवड धरूनच ठेवत नाही.

पिकअॅड ० झालेले आहे. ते २ करावे. हे आपोआप घडल्यासारखे वाटते, पण प्रॉपर्टीज पॅलेटच्या वरच्या भागात यासाठीचे एक लहान बटण आहे आणि त्यावर नकळत क्लिक होते.

चौकोनी खिडकीऐवजी वेडीवाकडी लासो निवड होत असेल, तर आपण बटण दाबून धरून माऊस ओढत आहात. एकदा क्लिक करून बोट उचलावे, माऊस हलवावा आणि दुसऱ्यांदा क्लिक करावे. सवय जात नसेल तर ऑप्शन्सच्या सिलेक्शन टॅबवरील लासोची खूण काढून टाकावी. डावीकडून उजवीकडे घेतलेली निळी खिडकी पूर्ण आत आलेल्या वस्तूच घेते, तर उजवीकडून डावीकडे घेतलेली हिरवी खिडकी स्पर्श झालेल्या वस्तूही घेते.

प्रश्न : कर्सर अडखळतो, थांबून थांबून चालतो किंवा लुकलुकतो.

पहिल्या प्रश्नातील चाचणी येथे सर्वांत उपयोगी आहे. एकाच ड्रॉइंगमध्ये अडखळत असेल तर ते ड्रॉइंग जड झालेले आहे. ऑडिट देऊन चुका दुरुस्त कराव्यात, पर्जने न वापरलेले ब्लॉक आणि लेयर काढावेत, आणि ओव्हरकिलने एकावर एक पडलेल्या रेषा कमी कराव्यात. मात्र ओव्हरकिल करण्यापूर्वी फाइलची प्रत ठेवावी. दाट हॅच हे मोठे कारण असते. फरशीचा हॅच संपूर्ण इमारतीभर भरला की कर्सर त्यावरून जाताना प्रत्येक लहान रेषेची टोके तपासत बसतो. हॅचचा लेयर फ्रीझ करून काम करावे आणि शेवटी उघडावा. एफ ४ ने चालू होणारा थ्री-डी ऑब्जेक्ट स्नॅप प्लॅनच्या कामात लागत नाही, आणि तो चालू राहिल्यास कर्सर जाणवण्याइतका मंदावतो. वस्तूवरून कर्सर नेताच ती उजळते त्यालाही वेळ लागतो. सिलेक्शनप्रिव्ह्यू ० करून फरक पाहावा.

सर्वच ड्रॉइंगमध्ये तसे होत असेल तर ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड देऊन हार्डवेअर अॅक्सेलरेशन बंद करून पाहावे. बंद केल्यावर कर्सर सुरळीत झाला तर दोष ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हर अद्ययावत करून ते पुन्हा चालू करावे, कारण ते कायम बंद ठेवणे हा तात्पुरताच इलाज आहे. कर्सरमागे सावल्यांची रांग दिसत असेल किंवा तो लुकलुकत असेल, तर विंडोजच्या माऊस सेटिंगमधील पॉइंटर ट्रेल्स बंद करावे. लॅपटॉपला दुसरा पडदा जोडलेला असून दोहोंचे स्केलिंग वेगळे असेल, म्हणजे एकाचे १०० टक्के आणि दुसऱ्याचे १५० टक्के, तर दोन्ही सारखे करून पाहावे.

प्रश्न : मोजणीतून आलेल्या नकाशातच कर्सर थरथरतो आणि स्नॅपची खूण रेषेपासून बाजूला दिसते. असे का?

कारण तो नकाशा मूळ बिंदूपासून फार दूर आहे. आता शेताच्या आणि प्लॉटच्या मोजण्या उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर या यंत्राने होतात आणि त्यांचे आकडे बहुधा यूटीएम या पृथ्वीवरील स्थान मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत येतात. मराठवाड्याचा जवळजवळ सर्व भाग यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात आहे, जो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमध्ये बसतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला किनवटकडे मात्र ७८ अंशांची रेषा ओलांडली जाते आणि ४४ वा पट्टा लागतो. या पद्धतीत उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील कोणत्याही बिंदूचा तो आकडा सुमारे २२ लाख मीटर असतो. त्याच नकाशाला कोणी मिलिमीटरमध्ये बदलले की तो २२० कोटींच्या घरात जातो.

ऑटोकॅड स्वतः १५-१६ अंकांपर्यंत अचूक हिशेब ठेवतो, म्हणून साठवलेला बिंदू चुकत नाही. पण पडद्यावर चित्र उमटवताना ग्राफिक्स कार्डचे गणित बहुधा सुमारे ७ अंकांच्या अचूकतेवर चालते, आणि आकडा जितका मोठा तितकी शेवटच्या अंकांना जागा कमी उरते. त्यामुळे रेषा तुटक दिसते, कर्सर थरथरतो, वर्तुळ खडबडीत दिसते.

येथे एक चूक कृपया करू नये : सगळा नकाशा उचलून शून्यावर आणून ठेवणे. तसे केले की त्या जागेचे पृथ्वीवरील स्थान हरवते आणि शेजारच्या गटाची मोजणी तिच्याशी कधीच जुळत नाही. मोजणीची फाइल जशी आली तशी ठेवावी. इमारतीचे ड्रॉइंग वेगळ्या फाइलमध्ये, शून्याच्या जवळ काढावे, आणि हद्दीचा एक पक्का कोपरा आयडी कमांडने मोजून त्याचे आकडे दोन्ही फाइलमध्ये लिहून ठेवावेत. गरज पडेल तेव्हा त्या कोपऱ्यावर इमारतीची फाइल एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल, म्हणून जोडता येते.

प्रश्न : चाक फिरवल्यावर झूम अचानक थांबतो, किंवा फार वेगाने होतो.

थांबल्यास रीजेन (चित्र नव्याने उमटवणारी कमांड), म्हणजे आरई, देऊन पुन्हा चाक फिरवावे. वेग झूमफॅक्टर या व्हेरिएबलवर अवलंबून असतो. तो ३ ते १०० यांमध्ये असतो आणि मूळ ६० आहे. दिशा उलट झाली असेल तर झूमव्हील ० करावे. चाक दाबल्यावर पॅनचा हात न येता यादी उघडत असेल तर एमबटनपॅन १ करावे. चाक दोनदा दाबल्यावर संपूर्ण ड्रॉइंग ठिपक्याएवढे होत असेल, तर कोठेतरी फार दूर एखादी विसरलेली वस्तू पडलेली आहे. ती शोधून काढून टाकावी.

प्रश्न : लेआउटमध्ये (छपाईच्या कागदाच्या टॅबवर) गेल्यावर क्रॉस एका चौकटीतच दिसतो, बाहेर बाण होतो.

आपण व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे कागदावर ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीच्या, आत आहात. चौकटीच्या बाहेर कागदावर दोनदा क्लिक करावे, किंवा पीएस ही कमांड द्यावी. आत जायचे असल्यास एमएस.

प्रश्न : कर्सरसोबत आकड्यांच्या पेट्या फिरतात आणि खालची रेषा झाकतात.

ते डायनॅमिक इनपुट आहे आणि एफ १२ ने बंद-चालू होते. बंद करण्यापूर्वी एक फरक माहीत असावा. ते चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी ३०००,४००० असे टाइप केल्यास ऑटोकॅड ते आधीच्या बिंदूपासूनचे अंतर समजतो. बंद असताना तेच आकडे मूळ शून्यापासून मोजले जातात. एकाच्या संगणकावर बरोबर येणारी खोली दुसऱ्याच्या संगणकावर भलतीकडे जाते ती यामुळे. सापेक्ष अंतरासाठी आधी @ लिहिण्याची सवय लावल्यास दोन्ही स्थितींत उत्तर एकच येते. ते चालू असताना मूळ बिंदूपासूनचे अंतर द्यायचे असेल तर आधी # लिहावे.

प्रश्न : मी काहीही बदलले नाही, तरी ऑब्जेक्ट स्नॅपच्या निवडी गायब झाल्या.

प्लॉटचे नंबर टाकणे, क्षेत्रफळाचा तक्ता करणे अशा कामांसाठी आपल्याकडे लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतले लहान प्रोग्राम सर्रास वापरले जातात. असा प्रोग्राम काम सुरू करताना ऑस्मोड (ऑब्जेक्ट स्नॅपच्या निवडी साठवणारे व्हेरिएबल) ० करतो आणि संपताना पूर्ववत करतो. मध्येच एस्केप दाबले, की परत करण्याचे राहून जाते. नीट लिहिलेल्या लिस्पमध्ये यासाठी तजवीज असते, पण हातोहात फिरणाऱ्या सगळ्याच प्रोग्राममध्ये ती नसते. ऑटोकॅड २०१६ पासून सिसव्हारमॉनिटर ही कमांड आहे. महत्त्वाच्या व्हेरिएबलची यादी तिच्यात ठेवल्यास कोणतेही बदलताच सूचना मिळते.

प्रश्न : कोणता माऊस घ्यावा?

चाक असलेला, तारेचा, साधा तीन बटणांचा माऊस पुरेसा आहे. चाक दाबले जाते की नाही एवढे दुकानात तपासून घ्यावे. टचपॅडवर कॅड शिकू नये, हे मी कळकळीने सांगतो, कारण मधले बटण नसल्याने पॅन आणि झूमची सवय चुकीची लागते आणि नंतर ती मोडत नाही. काचेच्या टेबलावर ऑप्टिकल माऊस उड्या मारतो. खाली कागदी पॅड किंवा जाड पुठ्ठा ठेवावा. उन्हाळ्यात आपल्याकडील धूळ सेन्सरच्या छिद्रात बसते आणि कर्सर एका दिशेने अडकतो. माऊस उलटा करून कोरड्या कापडाच्या टोकाने ते छिद्र पुसावे. बारीक हालचाल हाताशी जुळत नसेल तर विंडोजमधील एन्हान्स पॉइंटर प्रिसिजनची खूण काढून पाहावी. ती असताना हाताचा वेग वाढला की कर्सर प्रमाणाबाहेर पळतो.

प्रश्न : सगळेच बिघडले आहे, मूळ स्थिती कशी आणावी?

विंडोजच्या स्टार्ट मेनूमध्ये ऑटोकॅडच्या गटात मूळ सेटिंग परत आणण्याचा पर्याय असतो. तो वापरण्याआधी ऑप्शन्सच्या प्रोफाइल्स टॅबवरून आपले प्रोफाइल एक्सपोर्ट करून ठेवावे. मात्र ड्रॉइंगमध्येच साठलेले स्नॅप किंवा तिरपा यूसीएस यामुळे सुटत नाही, हे पहिल्या उत्तरात सांगितलेच आहे.

प्रश्न : एकाच संगणकावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा विद्यार्थी बसतो. प्रत्येकाला आपला कर्सर हवा असतो. त्यासाठी काय करावे?

प्रोफाइल्स टॅबवर प्रत्येकाच्या नावाने वेगळे प्रोफाइल तयार करता येते, आणि बसल्यावर आपले प्रोफाइल निवडून सेट करंट केले की क्रॉसहेअर, पिकबॉक्स, रंग आणि ऑब्जेक्ट स्नॅप आपल्या पद्धतीचे होतात. डावखुऱ्या विद्यार्थ्याने माऊसची बटणे विंडोजमधून बदलली असतील तर ती प्रोफाइलने परत येत नाहीत. उठताना ती हाताने बदलून ठेवावीत. आमच्या वर्गात प्रत्येक पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर एफ ३, एफ ८, एफ ९, एफ १०, एफ १२ एवढेच लिहिलेले आहे. नवा विद्यार्थी ‘सर, कर्सर’ एवढे म्हणून थांबला की शेजारचा विद्यार्थी त्या चिठ्ठीवर बोट ठेवतो.